सेंदाई: ४५ हजारांची खोली, अडीच लाखांचं बिल

आधी आकडा सांगते, कारण जपानमधल्या सेंदाईला शिकायला निघण्यापूर्वी तो मला कुणीच सांगितला नव्हता. २,५६,५०० येन. ही वर्षाची फी नाही, विमानाचं तिकीट नाही. महिना ४५ हजार भाड्याच्या, आपल्या हॉलएवढ्या एका खोलीची किल्ली हातात पडण्यापूर्वी मोजलेली ही रक्कम आहे.

सुरुवात अर्थात पुण्यात झाली. ज्या कन्सल्टंटकडे मी गेले, त्यांनी तीन वाक्यं छातीठोकपणे सांगितली. एक, 'रिसर्च स्टुडंट म्हणजे मास्टर्सचं पहिलं वर्षच समजा.' दोन, 'आठवड्याला २८ तास काम करता येतं, फी त्यातच निघते.' तीन, 'राहण्याची सोय युनिव्हर्सिटी बघते.' तिन्ही चुकीची निघाली. त्यांनी प्राध्यापकांना पाठवलेल्या एकसाच्याच्या साठेक मेलना एकही उत्तर आलं नाही. शेवटी मीच तीन प्राध्यापकांचे पेपर वाचले, प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिलं आणि एकाचं उत्तर आलं. ते 'नाइदाकू' म्हणजे अनौपचारिक होकार. यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

आता पहिलं वाक्य. रिसर्च स्टुडंटला तिथे 'केन्क्यूसेई' म्हणतात. ही पदवी नाही आणि मास्टर्सचं पहिलं वर्षही नाही. तुम्ही लॅबमध्ये बसता, सेमिनार ऐकता आणि 'इंशी' म्हणजे मास्टर्सच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करता. नापास झालात तर बॅग भरायची किंवा मुदत वाढवायला सेन्सेईंच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या, दारात उभं राहायचं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत याचे परीक्षा शुल्क ९,८००, प्रवेश शुल्क ८४,६०० आणि महिना २९,७०० येन असे दर आहेत. मग इंशी पास झालात की सगळं पुन्हा पहिल्यापासून: परीक्षेचे ३०,०००, प्रवेशाचे २,८२,००० आणि वर्षाची फी ५,३५,८००. प्रवेश शुल्क दोनदा! हे कळलं तेव्हा मी लॅबच्या जिन्यात बसून घरी फोन केला होता.

मास्टर्सचं प्रवेश शुल्क आणि फी यांच्या माफीसाठी अर्ज करता येतो, फी अर्धी किंवा पूर्ण माफ होऊ शकते. पण प्रवेश शुल्क एकदा भरलं की त्याच्या माफीचा अर्ज घेत नाहीत. आपल्याकडे 'आधी भरून मोकळे व्हा' ही सवय असते. इथे ती महागात पडते. सूचनापत्र आलं की आधी माफीची तारीख बघा, मग पैशांचं.

मोंबुशो म्हणजे जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून येणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू नाही. फी नाही, तिकीट मिळतं, वर केन्क्यूसेईला महिना १,४३,००० येन. दूतावासामार्फत अर्ज करून बघा, एक वर्ष थांबावं लागलं तरी चालेल. मी थांबले नाही. घाई होती.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मुंबईच्या वकिलातीचं काम सरळ झालं. फक्त सीओई म्हणजे पात्रतेचा दाखला तीन महिनेच चालतो, तेवढं लक्षात ठेवा. नारिताला विमानतळावरच रेसिडेन्स कार्ड मिळालं आणि कामाच्या परवानगीचा शिक्काही तिथेच मारून घेतला. तुम्हीही तिथेच घ्या, नंतर इमिग्रेशन ऑफिसची रांग वाचते. शिन्कान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनने तोक्योहून दीड तासात सेंदाई. सगळं वेळेवर आणि चकाचक. पुढे.

२८ मार्चला मी पोचले आणि तीच चूक झाली. वसतिगृहाच्या सोडतीत माझा नंबर लागला नव्हता, हे निघण्याच्या आठवडाभर आधी कळलं होतं. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, नोकरदारांच्या बदल्याही तेव्हाच होतात, त्यामुळे मार्चअखेर अख्खा देश घर बदलत असतो. चांगल्या खोल्या फेब्रुवारीतच गेलेल्या. मी रोज ४,५०० येन देऊन गेस्ट हाउसमध्ये राहत होते आणि दुपारी एजंटांची दुकानं पालथी घालत होते.

एजंट समोर बसून घरमालकांना फोन करायचा. 'र्‍यूगाकुसेई' म्हणजे परदेशी विद्यार्थी हा शब्द आला की पलीकडचा आवाज बदलायचा. सहापैकी चार घरं अशी फोनवरच गेली. एजंट मान वाकवून माफी मागत होता, पण त्या माफीचा मला काय उपयोग? माझं जपानी एन-३ पातळीचं. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र फाइलमध्ये होतं, पण 'हमीदार कोण?' याचं उत्तर त्यात नसतं.

पाचव्या घराने हो म्हटलं. ग्रीन टी आला, मागोमाग 'मित्सुमोरिशो' आला. याला अंदाजपत्रक म्हणतात, पण त्यात अंदाज काही नसतो.

रेइकिन ४२,०००. ही घरमालकाला 'आभार' म्हणून द्यायची रक्कम, परत मिळत नाही. आपल्या पागडीची धाकटी बहीण म्हणा, फक्त हिच्यातून कसलाही हक्क मिळत नाही. एजंटची दलाली करासकट ४६,२००. हमीदार कंपनीचे २२,५००. आगीचा विमा दोन वर्षांचा १८,०००. कुलूप बदलण्याचे १९,८००. खोलीच्या 'निर्जंतुकीकरणा'चे १६,५००. '२४ तास मदत सेवे'चे आणखी १६,५००. एप्रिलच्या उरलेल्या वीस दिवसांचं भाडं ३०,००० आणि मे महिन्याचं आगाऊ ४५,०००. करा बेरीज.

दोन आठवडे झाले होते, गेस्ट हाउसचं बिल चढत होतं, पाय दुखत होते. मी सही केली. संध्याकाळी लॅबमधल्या सेन्पाईने, म्हणजे वरच्या वर्षाच्या मुलाने, तो कागद बघितला आणि शांतपणे तीन ओळींवर पेन्सिल फिरवली. निर्जंतुकीकरण बहुतेक वेळा ऐच्छिक असतं, 'नको' म्हटलं की निघतं. मदत सेवाही बहुतेकदा तशीच. आणि दलाली? नियम असा आहे की भाडेकरूची आधी संमती नसेल तर एजंटने त्याच्याकडून अर्ध्या महिन्याचं भाडं आणि त्यावरचा कर एवढंच घ्यायचं. ती संमती कुठल्या कागदावर होती? ज्यावर मी सही केली त्याच. म्हणजे ३३,००० अधिक २३,१००, एकूण ५६,१०० येन मी निव्वळ थकव्यापोटी दिले. तो आकडा अजून झोपेत आठवतो.

म्हणून हे पाठ करून या. कागद हातात आला की त्याच दिवशी सही करायची नाही. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायचं: 'कोरे वा हिस्सु देस का?' म्हणजे हे सक्तीचं आहे का? एजंट हसतो, आत जातो, बाहेर येतो आणि एखादी ओळ कमी होते. नाहीच झाली तर दुसरं दुकान. 'डिपॉझिट शून्य, रेइकिन शून्य' अशी पाटी दिसली तर खोली सोडताना सफाईचे किती कापणार ते आधी लिहून घ्या. विद्यापीठाच्या 'सेइक्यो' म्हणजे सहकारी भांडारात घरांचा विभाग असेल तर आधी तिथे जा. मी सगळ्यात शेवटी गेले, तेव्हा तिथल्या मॅडमनी रिकामा फळा दाखवला. विद्यापीठ स्वतः हमीदार होतं अशी परदेशी विद्यार्थ्यांच्या विम्याची एक योजनाही असते. घरमालकाने ती मान्य केली तर हमीदार कंपनीचे पैसे वाचतात. आंतरराष्ट्रीय कार्यालयात स्वतःहून विचारा, ते आपणहून सांगत नाहीत.

पैसे रोख आणा. निदान तीन लाख येन. बँक खातं तेव्हा नसतं आणि कार्डाने भाडं घेणारा एजंट मला भेटला नाही.

खोली मिळाल्यावर सुटले असं वाटलं होतं. जपानी खोली रिकामी म्हणजे खरोखर रिकामी. छताला दिवाही नाही, नुसतं वायरचं तोंड. पडदे नाहीत, शेगडी नाही. वीज आणि पाणी ऑनलाइन सुरू झालं, पण गॅस सुरू करायला माणूस यावा लागतो आणि तेव्हा तुम्ही घरी हजर असावं लागतं. एप्रिलमध्ये त्याची वेळ दोन दिवसांनंतरची मिळाली. सेंदाईत तेव्हा रात्री चांगलीच थंडी असते. दोन दिवस बर्फगार पाण्याने तोंड धुतलं आणि मोबाइलच्या उजेडात कोन्बिनी म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खाल्ले. गॅसची वेळ किल्ली मिळायच्या आधीच ठरवून टाका.

दरम्यान मी मोठ्या हुशारीने ३,००० येनमध्ये जुनी शेगडी घेऊन आले होते. गॅसवाले काका आले, शेगडी उलटी केली, मागचं लेबल दाखवलं आणि हातांची फुली केली. शेगडी शहरी गॅसची, घर प्रोपेनचं. एकाची दुसऱ्याला चालत नाही, मुळीच नाही. वर प्रोपेनचं बिलही जास्त येतं. खोली बघताना 'तोशि गासु' की 'पुरोपान' हे विचारा. हा प्रश्न विचारणारा एकही मराठी मुलगा किंवा मुलगी मला अजून भेटलेली नाही.

मग ते प्रसिद्ध त्रांगडं: फोनला खातं हवं, खात्याला फोन हवा, दोन्हींना पत्ता हवा. क्रम असा ठेवा. आधी कुयाकुशो, म्हणजे वॉर्ड ऑफिस. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा, तो रेसिडेन्स कार्डाच्या मागे छापून मिळतो. तिथेच आरोग्य विमा घ्या, दवाखान्यात मग ३० टक्केच भरावे लागतात. सरकारी पेन्शनचा हप्ता भरा म्हणून येणाऱ्या पाकिटाला घाबरू नका. माफीचा किंवा पुढे ढकलण्याचा अर्ज तिथेच मिळतो. मग फोन, मग बँक. आणि पहिल्याच खिडकीवर आपलं नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, एकदाच ठरवा आणि कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आमचं कुलकर्णी तिथे 'कुरुकारुनी' झालं. मधल्या, म्हणजे वडिलांच्या, नावात मी एका ठिकाणी लांब स्वराची रेघ दिली, दुसरीकडे विसरले. त्या एका रेघेपायी बँकेने मला दोनदा परत पाठवलं.

२८ तासांचं गणितही सांगून टाकते. तासाला हजार येन धरले तरी महिन्याला १,१२,००० होतात, कागदावर. लॅब सांभाळून मी आठवड्याला १२ तासांवर कधी गेले नाही. घरभाडं कसंबसं निघालं, फी नाही. आणि २८ तास सगळ्या नोकऱ्या मिळून मोजतात. 'दुसरीकडे रोख घे, कोण बघतंय' म्हणणाऱ्या दादांचं ऐकू नका. व्हिसा वाढवताना कमाईचे कागद मागू शकतात.

ऑगस्टमध्ये इंशी झाली. लॅबमध्ये जुने पेपर म्हणजे 'काकोमोन' मिळतात, ते सोडवा. प्रश्नांची धाटणी फारशी बदलत नाही. पास झाले. त्या दिवशी जोझेन्जी रस्त्यावरच्या झेल्कोवा झाडांखालून चालत घरी आले, पाऊस होता आणि मला काही फरक पडत नव्हता.

कुणी विचारलं तर येच म्हणेन. पण ऑक्टोबरच्या प्रवेशाला ये, मार्चच्या गर्दीत नको. ती शेगडी अजून माझ्याकडेच आहे, कारण ती टाकायलाही पैसे पडतात. सेंदाईत शहरी गॅसची खोली मिळाली तर येऊन घेऊन जा, फुकट.