उन्हाळी इंटर्नशिप: आधी पेशी जगवायला शिका

पदवीचं शिक्षण घेताना उन्हाळ्यात आठ-दहा आठवडे बायोमेडिकल लॅबमध्ये जाणाऱ्या बऱ्याच जणांना पहिल्याच आठवड्यात जीन एडिटिंग करून बघायचं असतं. माझं ठाम मत आहे की त्याआधी पेशी नीट सांभाळायला शिकावं. पेशींची तब्येत बिघडलेली असेल, तर पुढच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

चिकटून वाढणाऱ्या पेशींनी फ्लास्कचा तळ ७०-८० टक्के व्यापला की पॅसेज करायचा, म्हणजे पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये विभागायच्या. जुनं मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) काढून पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) धुवायचं. नवखी मुलं नेमकी हीच पायरी घाईत उरकतात आणि मग ट्रिप्सिन (पेशींना तळापासून सोडवणारं एन्झाइम) घालूनही पेशी सुटत नाहीत. मीडियममधल्या सीरममध्ये (रक्तातला पेशीविरहित द्रव भाग) ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिनं असतात; ती मागे राहिली तर ट्रिप्सिन नीट काम करत नाही. टी-७५ फ्लास्कला (तळ ७५ चौरस सेंटिमीटर) २-३ मिली ट्रिप्सिन-ईडीटीए पुरतं. ३७ अंश सेल्सिअसला साधारण २ ते ५ मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा मायक्रोस्कोपमध्ये बघा. पसरलेल्या पेशी आक्रसून गोल होतात, त्यांच्या कडा चमकू लागतात आणि फ्लास्कला हलकी टिचकी मारली की त्या सुटून तरंगतात. लगेच सीरम असलेलं मीडियम घालून ट्रिप्सिन थांबवा. जास्त वेळ ठेवलंत तर पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जातात आणि नंतर फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी लेसरने तपासण्याची पद्धत) रिसेप्टरचा, म्हणजे पृष्ठभागावरच्या अशाच एखाद्या प्रथिनाचा, सिग्नल कमी दिसतो.

पेशींच्या मोजणीआधी त्यांची नळी हलक्या हाताने ढवळा, कारण पेशी पटकन तळाशी बसतात. ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) समप्रमाणात मिसळा. हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायची चौकटी आखलेली काच) चार कोपऱ्यांच्या चौकटींतल्या न रंगलेल्या पेशींची सरासरी गुणिले २ गुणिले १०,००० म्हणजे दर मिलीतल्या जिवंत पेशी.

खरा धोका मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा. इतर जिवाणू शिरले तर मीडियम गढूळ होतं, बहुधा पिवळंही पडतं, लगेच कळतं. मायकोप्लाझ्मा वाढला तरी मीडियम स्वच्छच दिसतं. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. पेशींची वाढ मंदावते, जनुकांची अभिव्यक्ती बदलते आणि हा परिणाम आपल्या औषधाचाच आहे असं वाटत राहतं. म्हणून रुजू झाल्या झाल्या विचारा: पीसीआरने (डीएनए ओळखणारी चाचणी) मायकोप्लाझ्माची शेवटची तपासणी कधी झाली?

वहीत पॅसेज क्रमांक, सीरमचा लॉट क्रमांक आणि फसलेले प्रयोगसुद्धा त्याच दिवशी लिहा.

पीएचडी की वैद्यकीय शिक्षण, हा प्रश्न सोडवायलाही ही वही कामी येते. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याची चाचणी) पट्टी उमटली नाही, तर अँटिबॉडी, ट्रान्सफर (प्रथिनं जेलवरून पडद्यावर नेणं) की नमुना, यातलं काय चुकलं ते शोधावंसं वाटतं का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. संशोधनात बराचसा वेळ अशाच शोधाशोधीत जातो. लॅबमधल्या पीएचडी करणाऱ्यांशी आणि टेक्निशियनशीही बोला. त्यांचे दिवस फार वेगळे असतात.

लॅबमधून निघायच्या दिवशी शिफारसपत्र मागू नका. दोन आठवडे आधी, रोज शेजारी उभं राहून शिकवणाऱ्या वरिष्ठाला एक पान लिहून द्या: प्रश्न काय होता, कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) कोणते घेतले, काय जमलं आणि काय अर्धवट राहिलं. गाइडला पत्रात ठोस काही लिहायचं असेल, तर हीच माहिती लागते.