अप्पर लावला की शटर वर

जालन्यात मोंढ्यातल्या एका आडत दुकानदाराची मोटारसायकल मे महिन्यात माझ्याकडे आली. गोदामाच्या मोटरवाल्या शटरचा रिमोट कुणीतरी गाडीत बसवून दिला होता. पासिंगचं, म्हणजे समोरच्याला क्षणभर लाइट मारायचं बटण दाबलं की शटर उघडायचं. तक्रार मात्र भलतीच होती. "भाऊ, रातच्याला नुसतं समोरून गेलं तरी शटर आपोआप वर जायलंय. पोरानं हातातल्या रिमोटनं बंद करतो म्हणलं तर खाली बी येईना. सेल तर आठ दिवस टिकंना."

माल उघडा पडत होता, म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवली.

सीटखालचा डबा उघडला. आत चार बटणांचा साधा 433 मेगाहर्ट्झचा रिमोट आणि 12 व्होल्टचा 23ए सेल. वर जाण्याच्या बटणाच्या दोन पायांवर रिलेचा, म्हणजे कॉइलला करंट मिळाला की जुळणाऱ्या स्विचचा, कॉन्टॅक्ट जोडलेला, आणि रिलेच्या कॉइलला हेडलाइटच्या वायरीतून करंट. कल्पना योग्यच होती. चार्जिंग चालू असताना गाडीत व्होल्टेज 14.4 व्होल्टपर्यंत चढतं. ते थेट बटणाच्या पायावर दिलं की रिमोटची चिप जाऊ शकते. रिले मध्ये असली की तो धोका उरत नाही.

चुकलं होतं ते वायर निवडण्यात. पासिंग असो की अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत), करंट बल्बच्या त्याच एका टोकाला जातो. रात्री अप्पर लावून निघालं की रिले ओढलेलीच राहते, म्हणजे बटण सबंध रस्ताभर दाबलेलं! सेल त्यानंच संपायचा. शटरच्या टप्प्यात गाडी आली की ते वर जाणारच. आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर एक रिमोट अखंड बोलत असताना दुसऱ्याचं रिसीव्हर ऐकत नाही, म्हणून पोराचं बटण चालत नव्हतं.

माझ्या मते हँडलला वेगळं पुश बटण हाच सगळ्यात सरळ उपाय. पण दुकानदारांना पासिंगचंच हवं होतं. मग कॉइलच्या मालिकेत 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर टाकला, प्लस टोक हेडलाइटच्या वायरीकडे. कॉइल 400 ओहमची, त्यामुळे कपॅसिटर भरेपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद रिले ओढते, मग अप्पर कितीही वेळ चालू राहो, सुटते. कॉइलच्या दोन टोकांमध्ये आडवा 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) लावला, पांढरी पट्टी कॉइलच्या प्लसकडे. हा डायोड विसरायचा नाही. कॉइलचा उलटा झटका तोच जिरवतो, आणि अप्पर बंद झाल्यावर कपॅसिटर त्याच्यातूनच बल्बवाटे रिकामा होतो. हेडलाइट एलईडी असेल तर ही वाट मिळत नाही. तिथे हेडलाइटची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये 1 किलो-ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लागतो.

बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नाही, इंजिनावरच्या मॅग्नेटोच्या एसी करंटवर असतो. तिथे ही जोडणी करू नका, रिले नुसती फडफडते. रेस दिल्यावर व्होल्टेज वरखाली झालं आणि मीटरनं एसीवर रीडिंग दाखवलं, की समजायचं.

रिमोटवरच्या वायरी ग्लू गननं चिकटवलेल्या होत्या. काळ्या सीटखाली, मेच्या उन्हात तो ग्लू मऊ पडला होता आणि एक वायर सोल्डरजवळ एका तारेवर लटकत होती. बटणाचे चार पाय जोडीजोडीनं आतून जुळलेले असतात, म्हणून मीटरनं कंटिन्युइटी (कुठला पाय कुठल्याशी जुळलाय ते) बघून तिरपे दोन पाय धरले, नवं सोल्डर केलं आणि वर एपॉक्सी भरली. नवा सेल टाकला.

चावी फिरवून अप्पर लावला. रिमोटचा लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. पाच मिनिटं अप्पर तसाच चालू ठेवला, दिवा पुन्हा लागला नाही.