चौथी बॅटन आणि बीम डिटेक्टर: माझा अनुभव

आमच्या संस्थेच्या नाट्यगृहात नवी फायर अलार्म यंत्रणा बसली आणि पहिल्याच रंगीत तालमीत, मागचा पडदा वर जाताना हूटर वाजला. ना आग, ना धूर. रंगमंचाच्या वर एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर बीम डिटेक्टरचा (किरण अडला की धूर ओळखणाऱ्या यंत्राचा) न दिसणारा इन्फ्रारेड किरण जात होता आणि चौथ्या बॅटनवरचा (बॅटन म्हणजे पडदे-दिवे टांगायचा, वर-खाली होणारा आडवा दांडा) जाळीचा पडदा नेमका त्यात शिरत होता. जाड पडद्याने किरण एकदम पूर्ण तुटला की अलार्मचं नियंत्रण पॅनेल सहसा नुसता फॉल्ट, म्हणजे बिघाड, दाखवतं. जाळीतून मात्र थोडा किरण पलीकडे पोचतो, आणि यंत्राला तो धूरच वाटतो.

डिटेक्टर बसवणारी एजन्सी म्हणाली, बॅटन खाली थांबवा. रिगिंगवाले, म्हणजे बॅटन-पुल्या बसवणारे, म्हणाले, डिटेक्टर हलवा. बॅटन खाली थांबवली तर पडदा प्रेक्षकांना दिसत राहतो, म्हणजे तो पर्यायच बाद. मी एजन्सीच्या कार्यालयात गेलो. "मंजूर नकाशात बदल आहे, आर्किटेक्टची सही आणा." आर्किटेक्ट म्हणाले, फायरचा नकाशा माझा नाही. पुन्हा कार्यालय. आता सुधारित नकाशा हवा, पण त्यात काय दाखवायचं ते कुणी सांगेना. पाच खेपा झाल्या, चार महिने गेले. तोवर प्रत्येक प्रयोगाला कुणीतरी आख्खं पॅनेलच बंद करून ठेवत होतं. याचा मला खरा संताप होता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना पाहिलेल्या माणसाला बंद पॅनेलखाली नाटक करवत नाही.

शेवटी मी तो मंजूर नकाशाच मागून घेतला. त्यात रंगमंचाच्या वरची जागा रिकामी होती! एक बॅटन नाही, एक पुली नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी आम्ही टेप लावून अकराही बॅटन सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर कुठे थांबतात ते मोजलं, एकाच उभ्या छेदावर काढलं आणि किरण लाल रेघेने दाखवला. तो कागद पाहून एजन्सीचे इंजिनिअर दुसऱ्याच दिवशी आले. सही कुणाची, हा विषयही निघाला नाही. किरण ग्रिडच्या (बॅटन ज्याला टांगलेल्या असतात त्या लोखंडी सांगाड्याच्या) वर, छताजवळ गेला.

एक राहिलं: डिटेक्टरचा ब्रॅकेट ग्रिडच्या लोखंडावर लावू देऊ नका. किरण वर नेताना आमच्याकडे आधी तसाच लावला होता. दिव्यांचं वजन चढलं की लोखंड किंचित वाकायचं आणि किरणाचा नेम चुकायचा. पक्की भिंतच हवी.

धुराचं मशीन वापरायचं असेल तर अलार्मचा तेवढाच झोन, म्हणजे रंगमंचाचा भाग, बंद करा, वेळ रजिस्टरमध्ये लिहा, विंगेत अग्निशामक घेऊन एक माणूस उभा करा आणि प्रयोग संपताच झोन सुरू करा. हाताने दाबायचे अलार्म कधीच बंद नकोत. आणि सुरुवातीलाच करायला हवं होतं ते: हूटर वाजला की वेळ आणि हलत असलेल्या बॅटनचा नंबर टिपून ठेवा. मी ते तीन आठवडे उशिरा सुरू केलं.

महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून प्रपत्र 'ब', म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावं लागतं. त्या तपासणीला एजन्सीचा माणूस आला की मी त्याला पॅनेलपाशी उभं करतो आणि अकराही बॅटन, पडदे लावलेले असतानाच, एकेक करून वर-खाली नेतो. गेल्या जुलैत पॅनेल एकदाही वाजलं नाही.