उलुरूच्या ट्रिपचं बजेट आणि ते शंभर किलोमीटर

आधीच सांगून टाकते, विमानाची तिकिटं स्वस्तात कशी काढली वगैरे यात काही नाही. मेलबर्न ते ॲलिस स्प्रिंग्जची तिकिटं सेलमध्ये मिळाली, विषय संपला. डोकं खाल्लं ते भाड्याच्या गाडीच्या करारातल्या दोन ओळींनी. अजूनही तो विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि नवरा गुपचूप उठून चहा टाकायला जातो.

आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबा एस.टी.तून रिटायर झालेले, आयुष्यभर गाड्या, किलोमीटर आणि डिझेल हेच बघितलेलं. मेलबर्न, सिडनी बघून झालं तर म्हणाले, हे ठीक आहे गं, पण तो मधला लाल भाग कधी दाखवणार? म्हणून जुलैत सहा दिवसांची ट्रिप ठरवली : ॲलिस, किंग्ज कॅन्यनची दरी, उलुरू म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेला तो प्रचंड लाल खडक, आणि परत ॲलिस. नकाशावर अगदी शेजारी-शेजारी दिसतं हो सगळं. पण हे सगळं ज्यात येतं तो नॉर्दर्न टेरिटरी हा प्रदेश आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आणि तिथं माणसं अडीच लाखांच्या आसपास. म्हणजे काय, तर प्रत्येक गोष्ट लांब आहे, आणि त्या लांबपणाचे पैसे कुणी ना कुणी तुमच्याकडून घेतोच.

मी एक्सेल काढलं. हॉटेल, पेट्रोल, खाणं, पार्कचा पास. उलुरूच्या नॅशनल पार्कचा पास माणशी 38 डॉलर, तीन दिवस चालतो, 18 वर्षांखालच्या मुलांना फुकट. आम्ही चौघं मोठेच, म्हणजे 152. इथपर्यंत गंमत होती.

गाडी एका तुलना करणाऱ्या साइटवरून बघितली. दिवसाला 75 डॉलर, मोठ्या हिरव्या अक्षरात ‘अनलिमिटेड किलोमीटर’. सहा दिवसांचे 450. म्हणलं, वा. बुक केली. मग व्हाउचर आलं त्यात तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं की नॉर्दर्न टेरिटरीत गाडी घेतली तर दिवसाला 100 किलोमीटर फुकट, त्यापुढे किलोमीटरला 30 सेंट. आणि त्याच्याच खाली दुसरी ओळ, की गावाच्या हद्दीबाहेर सूर्यास्त ते सूर्योदय गाडी चालवली तर इन्शुरन्स लागू नाही.

बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, शंभर म्हणजे सातारा-कराड जाऊन आलं की संपलं की. खरंय. आणि इथं ॲलिसहून निघाल्यावर पहिला नाव घेण्यासारखा थांबा, एरल्डुंडाचा रोडहाउस (हायवेवरचा पेट्रोलपंप आणि ढाबा एकत्र), तोच 200 किलोमीटरवर. म्हणजे दोन दिवसांचा कोटा चहा पिईपर्यंत खलास.

बाबांनी डायरीत हिशोब मांडला. ॲलिस ते किंग्ज कॅन्यन 475. तिथून युलारा, म्हणजे उलुरूजवळचं राहण्याचं गाव, 300. युलारातून उलुरू वीस-एक आणि काता जुटा, म्हणजे त्याच पार्कमधले दुसरे खडक, पन्नास-एक, सनसेट-सनराइजच्या जास्तीच्या फेऱ्या धरून 250. परत ॲलिस 450. आणि शेवटच्या दिवशी वेस्ट मॅकडॉनल रेंजेसच्या डोंगरांमध्ये ऑर्मिस्टन गॉर्ज या घळीपर्यंत जाऊन-येऊन 270. साडेसतराशेच्या आसपास. त्यातले सहाशे फुकट, उरलेल्या साडेअकराशेचे 345 डॉलर. 450 ची गाडी 795 ला पडली, अजून पेट्रोलचा एक थेंब न घालता.

पण पैशापेक्षा मला त्या दुसऱ्या ओळीनं जास्त पिडलं. तुम्ही विचार करा, उलुरूला लोक कशासाठी जातात? सूर्यास्ताला तो खडक रंग बदलतो ते बघायला. त्यासाठी पार्कमध्ये खास सनसेटचा कार पार्क बांधलाय. जुलैत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, पार्क त्यानंतरही दीड-एक तास उघडं असतं, का, तर लोकांनी निवांत बघून घरी जावं म्हणून. आणि करार म्हणतो सूर्य मावळला की गाडी हलवायची नाही. मग तिथंच मुक्काम करायचा? पार्कमध्ये रात्री राहायला परवानगी नाही!

नियम का आहे ते मला कळतं. तिकडं गुरांच्या रानांना बऱ्याच ठिकाणी कुंपणच नाही, तिन्हीसांजेला कांगारू आणि गुरं रस्त्यावर येतात, आणि काही हायवेवर ताशी 130 ची मर्यादा, समोरून पन्नास-बावन्न मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे मागे तीन-चार ट्रेलर जोडलेला ट्रक, येत असते. रात्री लांब पल्ला मारू नये हे मीही सांगीन. माझा प्रश्न फक्त त्या वीस किलोमीटरचा होता.

म्हणून फोन केला. साइटवाल्यांनी सांगितलं गाडीच्या कंपनीला विचारा. कंपनीच्या कॉल सेंटरवर पहिल्या मुलीनं सांगितलं, अनलिमिटेडच आहे, काळजी करू नका. म्हणलं, तेवढं ईमेलवर पाठवा. तिनं पाठवलं, काय, तर तेच व्हाउचर, तळाला शंभर किलोमीटर! परत फोन, परत ती मेणचट म्युझिक, आणि या वेळच्या मुलानं सांगितलं की शंभरच, आणि बुकिंग साइटचं असल्यामुळे आम्ही त्यात बदल करू शकत नाही. साइटवाले म्हणतात दर कंपनीचा असल्यामुळे आम्ही बदल करू शकत नाही. मी रात्रीच्या ओळीचं विचारलं. तो म्हणाला, रात्री चालवू नका. म्हणलं, अहो, सनसेट बघून हॉटेलवर यायचंय फक्त. तर म्हणतो कसा, हॉटेलातून नाही का दिसत?

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. बाबा इतके हसले की आई आतून बघायला आली.

पुढचे बरेच दिवस हेच. ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये डबा उघडायचा आणि होल्डवर बसायचं. एक जण म्हणाला पार्कच्या आत चालेल, एक जण म्हणाला कुठंच नाही, एक बाई म्हणाल्या डिपेंड्स. कशावर ते त्यांनाही माहीत नव्हतं. आणि लेखी कुणीच देईना. नवरा म्हणायचा, अगं सगळे चालवतात, तूच एवढी वाचत बसतेस. सगळे चालवत असतील, पण एक्सेस, म्हणजे गाडीला काही झालं तर इन्शुरन्स असूनही आपण भरायची रक्कम, पाच हजारांच्या वर होता, आणि करार मोडला की ते पाच हजार सोडा, अख्खी गाडी तुमच्या गळ्यात. वरून तुम्ही दुसऱ्या कंपनीचा एक्सेसचा स्वस्त इन्शुरन्स काढला असेल तरी तोही करार मोडल्यावर सहसा पैसे देत नाही, तेवढं त्यांचं पत्रक वाचून घ्या.

दुसरा मार्ग म्हणून बसचं बघितलं. युलारातून उलुरूला बस जाते, सनसेटच्या टूरही आहेत, पण चौघांचे एका संध्याकाळचे दोनशेच्या वर जात होते, आणि आम्हाला सकाळी सनराइजही बघायचा होता. मग म्हणलं राहण्याचे वाचवू, तर युलारातली सगळी हॉटेलं एकाच रिसॉर्टची, स्पर्धा नाही, जुलै म्हणजे ऐन सीझन, दर विचारू नका. 85 किलोमीटरवर कर्टिन स्प्रिंग्जला खोल्या आहेत, स्वस्त पडतात, पण सनसेट बघून अंधारात 85 किलोमीटर? परत तीच ओळ. म्हणजे एका ओळीनं गाडी, हॉटेल, बस सगळ्याचं बजेट धरून ठेवलं होतं.

शेवटी सुटलं ते कॉल सेंटरनं नाही. त्याच कंपनीच्या ॲलिसमधल्या शाखेचा ईमेल मी शोधून काढला आणि चार ओळींत विचारलं : आम्ही चौघं, हा रस्ता, हे किलोमीटर, युलारा आणि पार्क यांच्यामध्ये सूर्यास्तानंतर गाडी चालवली तर इन्शुरन्स लागू आहे का, हो की नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर! युलारा गाव आणि पार्कमधल्या डांबरी रस्त्यांना रात्रीची अट लागू नाही, बाकी सगळीकडे आहे. आणि साइटचं बुकिंग रद्द करून थेट शाखेकडून घेतलं तर दिवसाला 250 किलोमीटरचा दर आहे, 110 डॉलर. साइटचं बुकिंग तोवर फुकट रद्द होत होतं. पहिल्या तासात रद्द केलं आणि त्या बाईंना आभाराचा एवढा लांब ईमेल लिहिला की नवरा म्हणाला, आता राखीपण पाठव.

बाबांनी परत डायरी काढली. 660 भाडं, पंधराशे किलोमीटर त्यात, वरच्या अडीचशेचे 75, एकूण 735. आधीचे 795. ‘साठ डॉलर वाचले,’ ते म्हणाले, ‘आणि फोन किती केलेस?’ म्हणू देत. सनसेटच्या बसचे दोनशे वाचले ते कोण धरणार? आणि तो ईमेल मी प्रिंट काढून गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला, त्याची किंमत मला विचारा. तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच दिवशी शाखेला लिहा, प्रश्न असा विचारा की उत्तर हो किंवा नाही यावंच लागेल, आणि गावाचं, रस्त्याचं नाव घालून विचारा. दुसऱ्या कंपनीचे नियम दुसरे असतील, माझं उत्तर तुम्हाला चालणार नाही.

हां, आणि काउंटरवर क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं. बाँडची, म्हणजे अनामत रक्कम त्यावर अडकून राहते, गाडी परत दिल्यावरही काही दिवस, त्यामुळे ट्रिपचा खर्च दुसऱ्या कार्डावर करा.

बाकी ट्रिप मस्त झाली, त्यात सांगण्यासारखं कमी. उलुरूकडे जाणाऱ्या लॅसेटर हायवेवर एक सपाट माथ्याचा डोंगर दिसतो, आई ‘आला, आला’ म्हणून ओरडली, तो माउंट कॉनर, उलुरू नाही, सगळ्यांचं होतं म्हणे असं. उलुरूवर चढणं 26 ऑक्टोबर 2019 पासून बंद आहे, तिथले मूळ लोक आनंगू, त्यांच्यासाठी ती पवित्र जागा. खालून फेरी आहे साडेदहा किलोमीटरची, ती आई-बाबांनी अर्धी केली. सनसेटला बाबा खडकाकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होते, सूर्य गेल्यावर मला म्हणाले, आता आपण ईमेलवर चाललोय ना?

पेट्रोलचं राहिलं. ॲलिसमध्ये टाकी भरून निघा, रोडहाउसवर लिटरमागे पन्नास-साठ सेंट सहज जास्त लागले, किंग्ज कॅन्यनला त्याहून जास्त. पण म्हणून पंप सोडून पुढे जाऊ नका, पुढचा कधी येईल ते नकाशात बघूनच. आमचे पेट्रोलचे सव्वातीनशे गेले. खाण्याचे सगळ्यात कमी, कारण ॲलिसच्या सुपरमार्केटमधून दही, ब्रेड, भाज्या घेतल्या आणि आईचे धपाटे होते. युलारातही सुपरमार्केट आहे, भाव जास्त पण रोडहाउसच्या बर्गरपेक्षा परवडतं. खोलीत स्वयंपाकाची सोय असेल तर थोडे जास्त देऊनही तीच घ्या. थंडीचे कपडेही घ्या, वाळवंट म्हणून पातळ जॅकेट घातलेली आई सनराइजला हॉटेलचं ब्लँकेट गुंडाळून उभी होती, जुलैत पहाटे शून्याच्या जवळ जातं.

किंग्ज कॅन्यन आणि ऑर्मिस्टनला टेरिटरीचा वेगळा पार्क पास लागतो, उलुरूचा तिथं चालत नाही, तो ऑनलाइन आधीच काढा कारण तिथं पोहोचल्यावर नेटवर्कची खात्री नाही. फोनचं म्हणाल तर टेल्स्ट्रा कंपनीचं एक प्रीपेड सिम घेऊन ठेवलं होतं, रोडहाउसच्या आसपास तेच चाललं, आमची नेहमीची सिमं रस्त्यात नुसती शोभेला.

गाडी घेताना आणि परत देताना मीटरचा फोटो काढा. आमचे शेवटी 1,790 झाले, जास्तीचे 87 डॉलर लागले, बाबांच्या डायरीत आकडा आधीच तयार होता आणि काउंटरवरच्या मुलाच्या मशीनवर तोच आला, त्यावर बाबांनी त्याच्याशी हात मिळवला.

कुणी विचारायच्या आधीच, किंग्ज कॅन्यनहून ॲलिसला येणारा मिरीनी लूपचा जवळचा रस्ता आम्ही घेतला नाही. तो कच्चा आहे, त्याचं परमिट वेगळं, फोर व्हील ड्राइव्ह गाडी वेगळी, आणि साध्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याची अजून एक ओळ असते.