कासवांच्या गावात, खवणीपाशी

मागच्या मार्चमध्ये आम्ही नऊ जण रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या वेळासला गेलो. कासवं बघणं हे निमित्त, खरं काम गावाला प्रश्न विचारायचं. पर्यटन विषयाच्या एम.ए.ला दुसऱ्या वर्षी दहा दिवसांचं फील्डवर्क असतं आणि त्यावरच प्रबंध उभा राहतो. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड असं करत संध्याकाळी पोचलो. मंडणगडच्या पुढची वळणं मी डोळे मिटूनच काढली, त्यामुळे त्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

माझ्या बॅगेत २५ प्रश्नांची प्रश्नावली होती आणि तिच्यावर माझा फार जीव होता. पर्यटनाचे अभ्यासक जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ मध्ये मांडलं होतं, की पर्यटक वाढत जातात तसा गावकऱ्यांचा सूर बदलतो. आधी उत्साह, मग सवय, मग चीड आणि शेवटी उघड वैर. वेळास यातल्या कुठल्या पायरीवर आहे, हे मला शोधायचं होतं. १ ते ५ ची पट्टी, समोर टिक करायची, दहा मिनिटांचं काम.

पहिल्या दिवशी घरोघर फिरून गठ्ठा भरून आणला. जवळजवळ सगळीकडे ५. पाहुणे आवडतात? ५. गर्दीचा त्रास? अजिबात नाही. उत्पन्न वाढलं? हो. रात्री सरांनी ओटीवर बसून फॉर्म चाळले आणि एकच विचारलं, “भरले कोणी?” मी नावं पाहिली. एक फॉर्म सोडला तर सगळे पुरुषांनी भरलेले. भरतील नाही तर काय! पहिल्या ओळीत मीच छापलं होतं, ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’. घरात पाहुण्यांसाठी राबतं कोण, हे विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने इथं कासव संरक्षणाचं काम सुरू केलं. त्याआधी अंडी माणसं न्यायची, उरलीसुरली कोल्ही-कुत्री उकरायची. आता मादी अंडी घालून गेली की ती अलगद काढून जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं वर येतात. प्रत्येक घरट्यावर टोपली पालथी असते आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. जी वाळू जास्त तापते तिच्यातून माद्या जास्त निघतात, हे तिथल्या एका कासवमित्र मुलाने मला समजावलं. त्याचं ऐकत बसावंसं वाटत होतं.

त्या संध्याकाळी एकाही टोपलीखाली पिल्लू नव्हतं. जमलेल्यांतल्या एका गृहस्थांनी त्याच मुलाला फैलावर घेतलं. एवढ्या लांबून आलो, पैसे भरले, मुलांना काय दाखवू, वगैरे. मुलगा मान खाली घालून “उद्या सकाळी परत बघू काका” एवढंच म्हणत राहिला. मला इतका संताप आला की वहीत लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. पिल्लू कधी बाहेर यायचं हे पिल्लू ठरवतं, त्याला तिकीट नाही. हे ज्याला पटत नाही त्याने कृपा करून वेळासला जाऊ नये.

परत आले तर आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकू मोदकांच्या तयारीला बसल्या होत्या. शनिवार होता, पानावर तीस माणसं. मी प्रश्नावली घेऊन दारात उभी राहिले. त्या म्हणाल्या, “अगो, ते कागद ठेव बाजूला. नारळ खवता येतो का?”

खवणीवर बसले. “हळू. करवंटीला लागलीस की काळं येतं, सारण काळं दिसतं.” पहिली कवड त्यांनी परत घेतली आणि कडेचं खरवडून दाखवलं. तिसऱ्या कवडीला हात बसला. तेवढ्यात त्या आपणहून बोलायला लागल्या.

“तुझ्या कागदात विचारलंयस, पाहुणे आले की आनंद होतो का. होतो ना. घरात माणसं आली की बरंच वाटतं. आणि घरी जेवून गेलेल्या माणसाला नावं कशी ठेवू? पण पहाटे चारला कोण उठतं, ते नाही विचारलंस.”

मग पाण्याचा विषय निघाला. विहिरीला मोटर आहे, पण मार्चमध्ये वीज गेली की शेंदायचं. पाहुण्यांच्या आंघोळीआधी पिंपं भरलेली हवीत. सून चुलीवर पाणी तापवते आणि त्याच वेळी आंबोळ्याही घालते. पूर्वी शिमग्याला काकू माहेरी जायच्या. आता शिमगा आणि कासवं एकत्र येतात. किती वर्षं गेल्या नाहीत, ते त्यांनी बोटांवर मोजलं.

पाहुण्याबद्दल, विचारणाऱ्याबद्दल भीड म्हणून माणूस गोडच उत्तर देतो, हे संशोधन पद्धतीच्या तासाला मी शिकले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. ते समोर घडत होतं आणि माझे दोन्ही हात नारळाने भरलेले होते.

शेवटची कवड चालू असताना त्यांनी घरातली एक गोष्ट सांगितली, पैशांची. माझ्या प्रबंधाला जे हवं होतं ते नेमकं त्या दोन वाक्यांत होतं. आणि लगेच म्हणाल्या, “हे लिहू नको हां.”

त्यांची संमतीपत्रावर सही होती. नाव गाळून लिहावं का, असं मी सरांना विचारलं, दोनदा विचारलं, इतका मोह झाला होता. सर म्हणाले, “एवढ्याशा गावात नाव गाळून कोण ओळखायचं राहतं? त्यांनी नको म्हटलं तिथं सही संपली.” ती गोष्ट प्रबंधात नाही. इथेही नाही.

पुढचे सात दिवस मी प्रश्नावली काढलीच नाही. पहाटे उठले, पाणी भरलं, भांडी घासली, रात्री आठवेल तसं वहीत उतरवलं. एका सकाळी टोपलीखाली पिल्लं निघाली. राखाडी, तळहातावर मावतील एवढी. वल्ह्यासारखे पाय मारत पाण्याकडे निघाली, लाटेने दोनदा उलटी केली, तरी गेली.

निघताना काकूंनी विचारलं, “कोणी ना कोणी येतं, लिहून नेतं. त्याचं पुढे काय होतं?” मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडे प्रबंध जमा केला की गुण मिळतात आणि बांधीव प्रत कपाटात जाते. ज्यांनी वेळ दिला त्यांना ती परत नेऊन दाखवावी, असं अभ्यासक्रमात कुठंच लिहिलेलं नाही. याचा मला आजही राग आहे.

म्हणून दिवाळीनंतर, पाहुणे नसताना, मी एकटी परत गेले. स्वयंपाकघराचं प्रकरण मराठीत लिहून नेलं होतं. काकू पाटावर, सून दाराला टेकून. मी वाचत होते. पाण्याच्या परिच्छेदाला सुनेने थांबवलं.

“दोन पिंपं नाहीत ताई. शनिवारी तीन.”

मी पेन काढून तिथंच दुरुस्त केलं.