मटार सोलता सोलता

लेक लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आज सकाळी मी मटार सोलत होते आणि ती समोर बसून १९७६ चा जबलपूर खटला मोठ्यानं वाचत होती. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येईल का, एवढाच प्रश्न. पाचपैकी चार न्यायमूर्ती 'नाही' म्हणाले. एकटे हंसराज खन्ना 'हो' म्हणाले. सुनावणीत त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं होतं, पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाला मारून टाकलं तर? आणीबाणी असेपर्यंत त्यावर काही उपाय नाही, असं उत्तर आलं. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. आमच्या वाड्यातले एक काका तेव्हा मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी डांबायच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते, आई सांगायची.

जानेवारी १९७७ मध्ये खन्नांची ज्येष्ठता डावलून 'नाही' म्हणणाऱ्या चौघांतल्या न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश नेमलं. खन्नांनी राजीनामा दिला.

त्या चौघांत आपल्या पुण्यात जन्मलेले यशवंत चंद्रचूडही होते, याचं मला खरंच वाईट वाटतं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल मोडीत काढला; तो चुकीचा होता हे लिहिलं त्यांच्याच मुलानं, धनंजय चंद्रचूडांनी.

संध्याकाळी शनिवारवाड्यावरून येताना लेक थांबली. "आई, नारायणरावाच्या खुनासाठी रामशास्त्रींनी राघोबादादांना दोषी धरलं ना? तू त्या पाचांत असतीस तर?"

मी खरं तेच सांगितलं. मला भीती वाटली असती. घरी येईपर्यंत आम्ही त्या भीतीबद्दलच बोलत होतो.