हाइव्हवर मॉडरेशन करताना: म्यूट वेगळं, डाउनव्होट वेगळा

हाइव्ह ही ब्लॉकचेन, म्हणजे कुणाला पुसता न येणारी सामायिक नोंदवही, २० मार्च २०२० रोजी स्टीम या जुन्या ब्लॉकचेनपासून फुटून निघाली. इथे लोक पोस्ट लिहितात आणि त्यांना पडलेल्या मतांवर पैसे मिळतात. तिथल्या एका समुदायात मी मॉडरेशन, म्हणजे पोस्टवर देखरेख, करतो. नव्याने हे काम घेणाऱ्याला मी आधी एवढंच सांगतो, की म्यूट आणि डाउनव्होट यांची गल्लत करू नका. म्यूट केलेली पोस्ट समुदायाच्या यादीत दिसेनाशी होते, पण चेनवर तशीच राहते आणि तिला पडलेल्या मतांचे पैसे सातव्या दिवशी लेखकाला मिळतातच. डाउनव्होट म्हणजे विरोधी मत, ते त्या पैशांना कात्री लावतं. चोरलेला लेख नुसता म्यूट करून थांबलात तर चोराची कमाई शाबूत. आणि एखाद्याचं म्हणणं पटलं नाही म्हणून डाउनव्होट दिलात, तर तुम्ही त्याची मजुरी कापलीत. हा अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो.

समुदायाचं खातं उघडायला ३ हाइव्ह (हे तिथल्या चलनाचंही नाव) लागतात. त्या खात्याच्या कीज (पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्या) रोजच्या कामाला वापरू नयेत. प्रत्येक मॉडरेटरला त्याच्या स्वतःच्या खात्यावर भूमिका द्यावी, म्हणजे निर्णय कुणाचा हे चेनवर कायम दिसतं. म्यूट करायला पोस्टिंग की पुरते. पैसे हलवणारी ॲक्टिव्ह की कुणी मागितली तर देऊ नका.

तक्रार आली की आधी ब्लॉक एक्सप्लोरर, म्हणजे चेनवरच्या नोंदी दाखवणारी साइट, उघडायचा. लेखक पोस्ट मागाहून बदलून श्रेयाची ओळ घालू शकतो, पण पहिली आवृत्ती वेळेसकट ब्लॉकमध्ये असते. मग मजकुरातलं आठ-दहा शब्दांचं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं. इंग्रजी लेख यंत्राने मराठीत उतरवला असेल तर असं काही हाती लागत नाही. तिथे आकडे, विशेषनामं आणि परिच्छेदांचा क्रम इंग्रजीत शोधावा लागतो.

म्यूट करताना कारण लिहायची जागा येते. तिथे नुसतं ‘स्पॅम’ लिहिलेलं मला चालत नाही. असं लिहावं: ‘नियम ३. परिच्छेद दोन ते पाच अमुक लिंकवरून जसेच्या तसे, श्रेय नाही. श्रेय देऊन पाच दिवसांत कळवा, म्यूट काढू.’

लेखकाने दाद मागितली तर फेरतपासणी दुसऱ्या मॉडरेटरने करायची. त्या पोस्टला ज्याने मत दिलंय त्याने बाजूला व्हायचं, कारण कमाईचा निम्मा वाटा मत देणाऱ्यांना जातो.

नवख्यांकडून उत्तर आलं नाही तर घाई करू नका. हाइव्ह पॉवर (खात्यात गुंतवून ठेवलेलं हाइव्ह) कमी असलेल्या खात्याचे रिसोर्स क्रेडिट, म्हणजे चेनवर काहीही टाकायला खर्च होणारा कोटा, थोड्याच पोस्टमध्ये संपतात आणि रिकामा साठा पुरता भरायला पाच दिवस जातात. आपण समजतो गुन्हा कबूल आहे. प्रत्यक्षात त्या माणसाला उत्तर टाकताच येत नसतं. २०२२ पासून हे क्रेडिट दुसऱ्याला वापरायला देता येतात. म्यूट करतानाच थोडे द्यावेत.

डाउनव्होट द्यायचाच तर सहाव्या दिवशी. पैसे वाटले गेल्यावर त्याचा कमाईवर काही परिणाम होत नाही. डाउनव्होटचा साठा वेगळा असतो. त्यातून दिवसाला पूर्ण ताकदीचे साधारण अडीच डाउनव्होट निघतात. त्यापुढचे मत देण्याच्या नेहमीच्या ताकदीतून कापले जातात. दरवेळी १०० टक्के लावू नका. वादातली कमाई किती आहे ते बघून टक्केवारी ठरवा. उशिरा दाद मान्य झाली तर डाउनव्होट शून्यावर आणता येतो, मात्र सात दिवस पुरे व्हायच्या आत, आणि त्यात खर्च झालेली ताकद लगेच परत मिळत नाही.